फाजील नांवाजलेले

२०२५ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या घराचें घड्याळ अमेरिकेच्या घड्याळाला बांधलें गेलें होतें. तिकडे रात्रीं साडेआठ वाजतां सुरू होणारा बास्केटबॉलचा सामना इकडे सदाशिव पेठेंत सकाळीं सहा वाजतां दिसतो. एरवीं आठ वाजल्याखेरीज अंथरूण न सोडणारा आमचा बंडू त्या दिवसांत पांचलाच उठून बसे. आणि घरांत सर्वांआधीं उठण्याचा जो मान गेलीं चाळीस वर्षें माझे थोरले बंधु नाना यांचा होता, तो त्यांच्याच नातवानें हिरावून घेतला. नानांची त्याला हरकत नव्हती. ते आपल्या नेमाप्रमाणें चहाचें आधण चढवीत, एक पेला बंडूच्या हातीं देत आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारीं बसत. खेळांतलें त्यांना कांहीं कळत होतें असें नाहीं. पण शेजारीं बसणें हें नानांना फार चांगलें कळतें.

मी या खेळाकडे वळलों तो खेळामुळें नव्हे, खेळावरच्या भांडणामुळें. आमच्या घरांत माणसें नऊ. नाना व वहिनी. मी व माझें कुटुंब. नानांचा मुलगा मधू, त्याची पत्नी, त्यांचीं मुलें शमी व बंडू. आणि माझा चिरंजीव. यांपैकीं मधू २००१ सालीं शिक्षणासाठीं फिलाडेल्फिया शहरांत होता. तेथून परततांना त्यानें पदवी आणली, तशी ही आवडहि आणली. शमी कॉलेजच्या संघांतून खेळते. ऑक्टोबर २०१९ मध्यें सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स हे दोन अमेरिकन संघ मुंबईस येऊन वरळीच्या बंदिस्त क्रीडागारांत दोन सामने खेळले, तेव्हां बापानें लेकीला दुसऱ्या दिवसाचा सामना दाखवून आणला. दोन्ही सामने इंडियानानें जिंकले, आणि त्या दिवसापासून सातां समुद्रांपलीकडचा तो संघ आमच्या घरचाच होऊन बसला.

भांडणाचा विषय नेहमीं एकच असे : कोणता खेळाडू 'ओव्हररेटेड' आहे? मीं उभा जन्म कॉलेजांत मराठी शिकविण्यांत घालविला असल्यामुळें या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याचें काम आपोआप माझ्याकडे आलें. 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' ही म्हण मीं पुढें केली. शमी लगेच म्हणाली, "नाही हं, अण्णाआजोबा. त्याच्या हातांत सोनं असतंच. फक्त लोक सांगतात तितके तोळे नसतात." तिची दुरुस्ती मला मान्य करावी लागली. शेवटीं 'फाजील नांवाजलेला' हा शब्द मुक्रर झाला, आणि जेवणाच्या पंगतींत तो मिठासारखा वाढला जाऊं लागला.

बंडूचा सारा रोख रसेल वेस्टब्रूक या खेळाडूवर. या गृहस्थानें २०१६-१७ च्या हंगामांत दर सामन्यास सरासरी ३१.६ गुण केले, हुकलेले चेंडू १०.७ वेळां झडप घालून मिळविले, आणि १०.४ वेळां साथीदाराच्या हातीं गुण होण्याजोगा चेंडू दिला. एका हंगामांत ४२ सामन्यांत असे तिन्ही आंकडे दहाच्या घरांत नेऊन ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ मधील ४१ चा उच्चांक त्यानें मोडला, आणि त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून तो निवडला गेला. "पण संघाचं काय झालं?" बंडू पाटावरून अर्धवट उठत विचारी. "पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला!" यावर शमीचें उत्तर तयार असे : "तो नसता तर पहिली फेरी तरी दिसली असती का?"

मधूचें दैवत ॲलन आयव्हर्सन. सात-सात फुटी धिप्पाडांच्या मेळ्यांत हा अवघा सहा फूट उंचीचा माणूस. २००१ सालीं सरासरी ३१.१ गुण करून त्यानें फिलाडेल्फियाचा संघ अंतिम फेरीस नेला, आणि तेथें पहिल्याच सामन्यांत ४८ गुण करून लॉस एंजलिसच्या बलाढ्य संघाला हरविलें. त्या वर्षीच्या बादफेरीच्या सामन्यांत लॉस एंजलिसचा झालेला तो एकमेव पराभव. पुढचे चारहि सामने मात्र फिलाडेल्फियानें गमावले. बंडूच्या हातांत लगेच आंकडे : त्या हंगामांत आयव्हर्सननें टोपलीकडे टाकलेल्या शंभर चेंडूंपैकीं बेचाळीसच आंत गेले. मधू शांतपणें म्हणे, "त्या गावात त्या जून महिन्यात जो राहिला नाही, त्यानं मला आकडे सांगू नयेत." हा कांहीं युक्तिवाद नव्हे, हें मलाहि कळत होतें, पण आमचे आजोबा बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले श्रेष्ठ, या वादांत अगदीं याच सुरांत बोलत असत, याची मला आठवण झाली.

शमीची आवड निराळी. तिला न नांवाजलेले खेळाडू प्रिय. रॉबर्ट हॉरी या खेळाडूनें तीन निरनिराळ्या संघांतून एकूण सात अजिंक्यपदें मिळविलीं. पण निवडक खेळाडूंच्या वार्षिक प्रदर्शनीय सामन्यासाठीं त्याची निवड एकदांहि झाली नाहीं. उलट कार्ल मलोन ३६,९२८ गुण करूनहि अजिंक्यपदावांचून निवृत्त झाला. "मग फाजील कोण आणि उपेक्षित कोण?" असें ती विचारी. तिचा खरा लाडका म्हणजे शेन बॅटिये. त्याची गुणांची सरासरी नऊसुद्धां नाहीं. पण तो मैदानावर असला कीं त्याचा संघ अधिक चांगला खेळे आणि प्रतिपक्षाचा मोठा खेळाडू नेमका अवघड जागेवरून चेंडू टाकूं लागे. मायकेल लुईस या लेखकानें २००९ सालीं त्याच्यावर एक मोठा लेख लिहिला, तेव्हां कोठें सामान्य प्रेक्षकांना त्याचें मोल उमगलें. त्याचीं कामें अशीं, कीं त्यांच्यासाठीं गुणपत्रकांत रकानाच नाहीं.

"हीं भांडणं आजचींच का?" असें मीं एकदां मधूला विचारलें. त्यानें सांगितलेली हकीकत मला फार उद्बोधक वाटली. या खेळाचा जन्म डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं झाला. जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकून तो सुरू केला, आणि ती दहा फुटांची उंची आजहि तीच आहे. पुढें १९६१-६२ च्या हंगामांत विल्ट चेंबरलेन नांवाच्या सात फूट एक इंच उंचीच्या खेळाडूनें दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजीं तर त्यानें एकाच सामन्यांत शंभर गुण केले. आजवर तो पराक्रम कोणालाहि साधलेला नाहीं. तरी त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो बोस्टनचा बिल रसेल. त्याची गुणांची सरासरी चेंबरलेनच्या निम्मीसुद्धां नव्हती. पण तेरा हंगामांत त्यानें बोस्टनला अकरा अजिंक्यपदें मिळवून दिलीं. चेंबरलेनच्या वांट्याला साऱ्या कारकीर्दींत दोनच आलीं. रसेलची खरी करामत म्हणजे प्रतिपक्षाचा चेंडू हवेंतच अडविणें. आणि गंमत ही, कीं अडविलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून होऊं लागली. रसेल त्यापूर्वींच, १९६९ मध्यें, निवृत्त झाला होता. आयुष्यभर त्यानें किती चेंडू अडविले, तें कोठेंच लिहिलेलें नाहीं.

"मग त्याला निवडलं कोणी?" मीं विचारलें.

"खेळाडूंनीच. त्या काळीं हें मत खेळाडूच देत असत."

ही गोष्ट मीं मनांत ठेवून दिली. ती पुढें उपयोगी पडली.

त्याच वर्षीं एप्रिलमध्यें 'द ॲथलेटिक' या अमेरिकन क्रीडापत्रानें चालू खेळाडूंचीं निनावी मतें घेतलीं होतीं. 'सर्वांत फाजील नांवाजलेला खेळाडू कोण?' हा त्यांतील एक प्रश्न. त्याला सर्वांत अधिक, म्हणजे सुमारें १४ टक्के, मतें पडलीं तीं टायरीस हॅलिबर्टन या तरुणाला, म्हणजे इंडियानाच्याच मुख्य खेळाडूला! बातमी आली त्या दिवशीं आमच्या घरांत जणूं कोणी आप्त परीक्षेंत नापास झाला. या मुलाचा आणि आमचा ऋणानुबंधहि विलक्षण. मुंबईस आलेल्या दोन संघांपैकीं सॅक्रामेंटोनें त्याला २०२० सालीं निवडला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें तो दुसऱ्या संघाकडे, म्हणजे इंडियानाकडे आला. त्याची चेंडू टाकण्याची ढब ओबडधोबड. कोणत्याहि शिक्षकानें सुधारावयास घ्यावी अशी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्याला सुवर्णपदक मिळालें, पण प्रत्यक्ष मैदानावर फारसें खेळावयास मिळालें नाहीं. लोकांनीं थट्टा केली. त्यानें स्वतःच आपली त्याहून मोठी थट्टा करून घेतली.

बंडू लगेच फितूर झाला. "खेळाडूच म्हणताहेत म्हटल्यावर काय राहिलं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं!" शमीच्या डोळ्यांत पाणी आलें. तेव्हां मधूनें तोडगा काढला. निनावी मत म्हणजे काय चीज असते, तें घरांतच पाहूं या. मे महिन्यांतील एका रविवारीं, आमरसाचें जेवण झाल्यावर, प्रत्येकानें एक चिठ्ठी लिहावी : या घरांत सर्वांत फाजील नांवाजलेलें माणूस कोण? पोह्यांचा पितळी डबा रिकामा करण्यांत आला. मुलांनीं बॉलपेनें आणलीं. मीं खिशांतलें माझें नेहमींचें शाईचें पेन काढलें. चिठ्ठ्या वाचण्याचें काम, घरांतील वडील म्हणून, नानांकडे गेलें.

नानांनीं एकेक चिठ्ठी उलगडून संथ आवाजांत वाचली. 'बंडू' दोन. 'मधू' एक. एक कोरी, ती वहिनींची, हें सांगावयास नकोच. 'नाना' एक. उरलेल्या चार चिठ्ठ्यांवर एकच नांव होतें : 'अण्णा'.

अण्णा म्हणजे मी.

सगळे पोट धरधरून हंसले, मीहि हंसलों. चारांपैकीं एका चिठ्ठीवरचें हस्ताक्षर तर वाण्याच्या यादींतून चाळीस वर्षें माझ्या ओळखीचें होतें. परंतु वाचकहो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. या घरांत शब्द अडला, मुहूर्त अडला, कोणाच्या लग्नाची पत्रिका लिहावयाची झाली कीं 'अण्णांना विचारा' असें म्हणतात. वर्तमानपत्र आधीं माझ्या हातीं येतें. मी लिहीत बसलों म्हणजे मुलें जिन्यावरून हळू उतरतात. आणि नळाचें पाणी येईनासें झालें, कोणाला रात्रीं दवाखान्यांत न्यावयाचें झालें, विजेचें बिल चुकून दुप्पट आलें, तर मला कोणी कांहीं विचारीत नाहीं. मी नुसताच नांवाजलेला होतों, हें चार माणसांना ठाऊक होतें. मला तें ठाऊक नसावें, याचीच लाज वाटली.

पण त्याहून मोठी लाज निराळी होती. ती पांचव्या चिठ्ठीची. 'नाना' हें नांव मीं लिहिलें होतें.

आमचे वडील १९६६ सालीं वारले तेव्हां मी दहा वर्षांचा होतों आणि नाना वीस वर्षांचे. नानांनीं कॉलेज दुसऱ्या वर्षींच सोडलें, एका कचेरींत कारकुनी धरली, आणि मला एम. ए. पर्यंत शिकविलें. ही हकीकत खरी आहे. परंतु ती मीं किती वेळां ऐकली असेल, याची वाचकांनीं कल्पना करावी. मुंजीलग्नांत, श्राद्धपक्षाला, माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला, माझ्या निवृत्तीच्या समारंभाला, कोणी ना कोणी उठून म्हणावयाचेंच : "नानांनी शिकवलं म्हणून हो!" नानांची प्रत्येक स्तुति माझ्या नांवावर निघालेली हुंडी असे, आणि ती मला चारचौघांत मान लववून वटवावी लागे. एकोणसाठ वर्षें हें चाललें होतें. कोणी पाहत नाहीं, असें वाटतांच माझ्या पेनानें तें नांव लिहून टाकलें.

बास्केटबॉलच्या त्या निनावी मतांचा अर्थ मला तेव्हां थोडा थोडा उलगडूं लागला. मत देणारे अज्ञानी होते असें नाहीं, आणि सारेच मत्सरी होते असेंहि नाहीं. परंतु प्रश्नच असा होता, कीं उत्तर देतांना डोळ्यांपुढें खेळाडू उभा राहतच नाहीं; त्याच्या स्तुतीचा गलका तेवढा कानांत उभा राहतो. १९६२ सालच्या खेळाडूंना 'मोलाचा कोण?' असें विचारलें होतें, म्हणून त्यांनीं शंभर गुणांच्या दिपवून टाकणाऱ्या आंकड्यांपलीकडे पाहून रसेलला ओळखलें. २०२५ च्या खेळाडूंना 'फाजील नांवाजलेला कोण?' असें विचारलें. तेव्हां प्रत्येकानें आपल्या कानाला काय टोचतें तेंच सांगितलें.

मग जून उजाडला. तोंवर हॅलिबर्टननें बादफेरीच्या सामन्यांत चमत्कार मांडला होता. मिलवॉकीविरुद्ध, क्लीव्हलंडविरुद्ध, अखेरचा सेकंद-सव्वा सेकंद उरला असतां त्यानें चेंडू टोपलींत टाकून सामने जिंकले. न्यू यॉर्कविरुद्ध त्याचा शेवटचा चेंडू टोपलीच्या कडेवर आदळून उंच उडाला, आणि क्षणभर विचार केल्यासारखा थांबून सरळ आंत पडला. बरोबरी झाली आणि जादा वेळांत इंडियाना जिंकलें. ६ जूनच्या सकाळीं अंतिम फेरीचा पहिला सामना ओक्लाहोमा सिटीच्या संघाशीं होता. शेवटच्या चतुर्थांशांत इंडियाना पंधरा गुणांनीं मागें होतें. बंडूनें दोनदां टीव्ही बंद करावयास हात नेला. नानांनीं दोन्ही वेळां "असू दे रे" म्हटलें. शेवटीं ०.३ सेकंद उरला असतां त्या मुलानें त्याच ओबडधोबड ढबीनें चेंडू टाकला : १११-११०. साऱ्या सामन्यांत इंडियानानें घेतलेली आघाडी काय ती तेवढीच. बंडूच्या किंकाळीनें वाड्यांतलीं कबुतरें उडालीं.

नानांनीं विचारलें, "हाच ना रे तो, ज्याला सगळ्यांनी फाजील म्हटलं होतं?"

"हो, नानाआजोबा."

"मग आता तो सुधारला का?"

बंडू गोंधळला. "नाही... तो पहिल्यापासून असाच खेळतो."

"मग बदललं काय?" असें म्हणून नाना रिकामे पेले घेऊन आंत गेले.

त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती. पण मला तें मिळालें होतें. बदललें तें आमचें माप. तराजू आमचा, वजनें आमचीं, काटा धरणारे हातहि आमचेच. आणि माप चुकलें म्हणजे शिक्षा मात्र धान्याला! 'मी थोर आहें' अशी दवंडी तो मुलगा पिटवीत फिरला नव्हता. ती वर्तमानपत्रांनीं पिटली, आणि तिचा दंड प्रतिपक्षांनीं त्याच्याकडून वसूल केला. वेस्टब्रूकला त्याच्या आंकड्यांच्या भक्तांबद्दल शिव्या खाव्या लागतात, चेंबरलेनला त्याच्या शंभराबद्दल. आणि नाना? एकोणसाठ वर्षांत १९६६ ची ती हकीकत नानांच्या तोंडून मीं एकदांहि ऐकली नव्हती. सांगणारे दुसरे होते. त्यांच्यावरचा राग मीं पोह्यांच्या डब्यांत नानांच्या नांवानें टाकला होता.

सातवा आणि निर्णायक सामना आमच्याकडे २३ जूनच्या सकाळीं दिसला. पालख्या आदल्याच दिवशीं पुण्याहून पुढें गेल्या होत्या. पावसाची भुरभुर चालू होती. हॅलिबर्टनच्या उजव्या पोटरीला आठवड्यापूर्वींच दुखापत झालेली होती. तरी तो उतरला, आणि पहिल्या कांहीं मिनिटांतच त्यानें दुरून तीन चेंडू टोपलींत टाकून नऊ गुण केले. मग एकदां पुढें झेपावतांना, कोणाचा धक्कासुद्धां लागलेला नसतां, तो कोसळला आणि हातानें जमीन बडवूं लागला. टांचेवरची शीर तुटली होती. इंडियानानें तो सामना १०३-९१ असा गमावला. पुढें संघानें जाहीर केलें, कीं २०२५-२६ च्या साऱ्या हंगामाला तो मुकणार. आमच्या घरांत कोणी बोललें नाहीं. ज्या बंडूनें एप्रिलांत त्याच्याविरुद्ध साक्ष काढली होती, तो गुडघ्यांत तोंड खुपसून बसला. नानांनीं तेवढें विचारलें, "पोराला फार लागलं का रे?"

मुलें उठून गेल्यावर मी नानांच्या शेजारीं जाऊन बसलों. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं कबुलीजबाब देणें कठीण असतें. शब्द पुष्कळ येत असले तर त्याहून कठीण.

"नाना, त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत तुमचं नाव होतं. ती चिठ्ठी माझी."

"ठाऊक आहे, बाळ," नाना म्हणाले. "शाईच्या पेनानं या घरात दुसरं कोण लिहितं?"

मला हें सुचलेंच नव्हतें. म्हणजे घरांतील यच्चयावत् मंडळींना कळलें असणार! माझा चेहरा पाहून नाना म्हणाले, "घाबरू नकोस. ती मी लगेच खिशात टाकली होती." आणि थोडें थांबून, पागोळ्यांकडे पाहत ते पुढें म्हणाले, "तुझं अगदीच चुकलं असं नाही. कॉलेज सोडलं तेव्हा मी एका विषयात नापास झालो होतो. मला पुस्तकांत फारशी गोडी नव्हतीच. नोकरी लागली, तर खरं सांगायचं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. लोकांनी त्याचा त्याग केला."

"मग हें तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"आधी कोणी विचारलं नाही. आणि मग पाहिलं, की ती गोष्ट ऐकली की तू रात्री जास्त वेळ वाचत बसायचास. म्हटलं, असू दे."

मी गप्प बसलों. म्हणजे, ज्या गोष्टीबद्दल जग नानांना नांवाजत आलें, ती खरोखरच थोडी फाजील होती; माझ्या मतांत निदान तितपत तथ्य होतें. आणि जें खरें होतें, तें मोजावयास रकानाच नव्हता : आपल्या नांवावरचें खोटें ओझें एक माणूस साठ वर्षें मुकाट्यानें वाहत आला, केवळ धाकट्या भावाचा दिवा रात्रीं आणखी तासभर जळावा म्हणून. तें मला कोणी सांगितलें नव्हतें, आणि मींहि कधीं पाहिलें नव्हतें.

"ती चिठ्ठी कुठं आहे?" मीं विचारलें. मला ती फाडून टाकावयाची होती.

नानांनीं कोनाड्यांतील दुधाच्या हिशेबाची वही काढली. खूण म्हणून चिठ्ठी तिच्यांतच घातलेली होती. पाठकोऱ्या बाजूला त्यांनीं जून महिन्याच्या दुधाचें माप लिहून ठेवलें होतें. "महिना संपेपर्यंत राहू दे," ते म्हणाले, "मग घेऊन जा."

महिना संपून गेला. ती चिठ्ठी मीं अजून मागितलेली नाहीं. बंडू आणि शमी यांचीं भांडणें पूर्ववत् चालू आहेत, आणि मला निकाल द्यावयास बोलावतात; पण मी आतां एवढेंच विचारतों, कीं हा खेळाडू फाजील आहे कीं त्याचे भाट फाजील आहेत? बहुतेक वेळां पंगत क्षणभर शांत होते. मग वहिनी भात वाढतात, आणि वाद पुन्हां सुरू होतो.